पिराचा हात आणि पिराचा कागद

बाई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या शाळेत शिकवता, गावच्या दर्ग्यावर निबंध लिहिताय, आणि तुमचं अडलंय ते असं: आजीच्या काळात पिराकडे मुजावर म्हणेल ती पूर्वदिशा होती. आता तिथे कमिटी आहे, मशिदीचे मौलाना आहेत. एक जण म्हणतो गलेफ (कबरीवर घालायची चादर) आणि नवस चालत नाहीत, दुसरा म्हणतो चालतात, आणि पोरं मोबाइलवर कुठल्यातरी दूरच्या शेखचं ऐकतात. मग सूफी परंपरेत आज अधिकार कोणाचा, तो कधी बदलला, आणि ही परंपरा संपत आली असं म्हणायचं का?

मी मौलाना नाही, कोणाचा खलीफाही नाही. तीस वर्षं फोंड्यात बसून मोडी आणि फारसी-उर्दू कागद वाचून देतो, मराठीत उतरवून देतो. देवळाचे महाजन येतात, दर्ग्याचे मुजावर येतात, कधी दोघे एकाच बाकावर आपापली पुडकी मांडीवर घेऊन बसलेले असतात. त्यामुळे या प्रश्नाकडे मी कागदांच्या बाजूने बघतो. आणि मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर सापडतं ते कागदातच.

आधी एक गल्लत दूर करू, कारण निबंधात ती राहिली तर पुढचं सगळं वाकडं जाईल. मुजावर म्हणजे पीर नव्हे. मुजावर कबरीची सेवा करतो: झाडलोट, दिवाबत्ती, लोबान, आलेल्या माणसासाठी फातेहा, म्हणजे कुराणातली प्रार्थना. पीर म्हणजे हयात गुरू. त्याच्या हातात हात देऊन माणूस मुरीद होतो, त्याला बैअत म्हणतात. त्या पिराने आपल्या पिराच्या हातात हात दिलेला असतो, त्याने त्याच्या, आणि अशी साखळी मागे मागे थेट पैगंबरांपर्यंत पोचते. ती साखळी म्हणजे सिलसिला. बगदादचे अब्दुल कादिर जीलानी (मृत्यू 1166) यांच्यापासून कादिरी, अजमेरच्या मुईनुद्दीन चिश्तींपासून (मृत्यू 1236) हिंदुस्थानात चिश्ती. पीर मुरीदातल्या एखाद्याला पुढे बैअत घ्यायची परवानगी देतो, तो खलीफा. आणि पिराच्या कबरीवर त्याच्या गादीचा जो वारस बसतो तो सज्जादानशीन. तो बहुधा मुलगा, नाहीतर पुतण्या किंवा जावई. आता यात आलिम, म्हणजे शास्त्र शिकलेला मौलाना, कुठे बसतो? पूर्वी बरेचदा तोच माणूस आलिमही असे आणि पीरही. या भूमिका एका अंगणात राहत होत्या. आधुनिक काळात त्यांची घरं वेगळी झाली. तुमच्या गावात तुम्हाला जो गोंधळ दिसतो तो या वाटणीचा आहे.

काही वर्षांपूर्वी एका मुजावर घराण्यातला तरुण माझ्याकडे बांबूची नळी घेऊन आला. आत शिजरा होता, सिलसिल्याचा वंशवृक्ष. कापडावर चिकटवलेला हातकागद, हातभर रुंद आणि माणसाच्या उंचीपेक्षा लांब. एकेक नाव एकेका वर्तुळात, वर्तुळांना जोडणारी तांबडी रेघ. वरची अक्षरं डौलदार, खाली येता येता हात बदललेले दिसतात, शाई बदललेली दिसते. शेवटच्या वर्तुळातलं नाव जवळजवळ पुसलेलं होतं. मी विचारलं, पाणी लागलं का? तो म्हणाला, नाही, मुरीद होणारा माणूस त्या नावावर बोट ठेवायचा. पिढ्यान्‌पिढ्या बोटं लागून ते नाव गेलं.

त्याच नळीत घडी घातलेला दुसरा शिजरा होता, शिळाछापाचा, उर्दू, पातळ पिवळट कागदावर. त्यात सगळी नावं ठळक, एकसारखी, आणि तळाशी ठिपक्यांची रेघ. त्या रेघेवर मुरीदाने आपलं नाव भरायचं. कुणीतरी बॉलपेनाने भरलंही होतं. आणि तिसरा त्या तरुणाच्या मोबाइलमध्ये होता, एका मोठ्या खानकाहने, म्हणजे सूफी मठाने, पाठवलेला, वाटेल त्याला पुढे धाडता येईल असा. तिन्ही समोर ठेवले तेव्हा जे कळलं तेच मला तुम्हाला सांगायचंय. पहिल्या शिजऱ्यात कागद हाताची साक्ष देतो. दुसऱ्यात कागद आधी येतो, हात मागाहून. तिसऱ्यात हात लागतोच असं नाही.

पण याचा अर्थ पूर्वी सगळं निर्मळ होतं आणि मग बिघडलं, असा कृपा करून लावू नका. आपल्या शेजारचं विजापूर घ्या. फोंड्याची साफा मशीद 1560 ची आदिलशाही बांधणी, म्हणजे आपण त्याच दरबाराच्या छायेत होतो. (गोव्यात पोर्तुगीजांनी इन्क्विझिशन बसवलं तेही 1560 मध्येच. एक गोवा आणि दोन राज्यं. एकीकडे तळ्याकाठी मशीद उभी राहत होती, दुसरीकडे ते.) विजापूरच्या सूफींत मीरांजी शम्सुल उश्शाक आणि त्यांचे पुत्र बुरहानुद्दीन जानम यांच्यासारखे दखनीत (दख्खनच्या जुन्या उर्दूत) रचना करणारे होते, त्या परंपरेतून जात्यावर म्हणायची गाणी आली, बायकांच्या तोंडी बसली. आणि त्याच शहरात बादशहाकडून जमिनी घेऊन गादीचे इनामदार झालेले सूफीही होते. फर्मानं तेव्हाही होती. मराठी राज्यातही पिरांची दिवाबत्ती चालू ठेवल्याचं सभासदाच्या बखरीत आहे, आणि पेशवाईतल्या सनदा तर मी स्वतः वाचल्यात. फरक इतकाच, की सनद मिळायची कारण तिथे पीर मान्य होता. पुढे पीर मान्य व्हायला लागला कारण सनद होती. हा उलटा फेरा एकोणिसाव्या शतकात पुरा झाला.

मुंबई इलाख्यात 1852 मध्ये इनाम कमिशन बसलं. इनामदारांना विचारलं गेलं, कागद दाखवा. देऊळ असो, मठ असो, दर्गा असो, घराघरांतल्या पेट्या उघडल्या. ज्यांच्याकडे मोहर असलेला कागद निघाला त्यांचं चाललं, नाही निघाला त्यांची तारांबळ. त्या एका प्रश्नाने घराण्यांच्या आतली मांडणी बदलली: ज्या भावाकडे पेटी तो वारस. करामत कोणाच्या हाताला आहे, जिक्र (देवाचं नामस्मरण) कोणाच्या तोंडून अंगावर काटा आणतं, हे कमिशनच्या रकान्यात बसणारं नव्हतं. मग वारसाहक्काचे दावे कोर्टात गेले, आणि सज्जादानशीनी हा मालमत्तेसारखा हक्क बनला.

त्याच सुमारास छापखाना आला. यावर मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या ‘चालतं की चालत नाही’ या भांडणाचं मूळ इथे आहे.

आपल्याकडच्या सुन्नी मौलानांचे दोन मोठे गट, देवबंदी आणि बरेलवी. लोक सर्रास म्हणतात की देवबंदी म्हणजे सूफींचे विरोधक आणि बरेलवी म्हणजे सूफी. तुमच्या निबंधात हे वाक्य येऊ देऊ नका. देवबंदचा मदरसा 1866 चा. त्याच्याशी जोडलेले मुहंमद कासिम नानौतवी आणि रशीद अहमद गंगोही हे दोघेही हाजी इमदादुल्लाह यांचे मुरीद, चिश्ती साबिरी सिलसिल्यातले. इमदादुल्लाह 1857 नंतर मक्केला गेले आणि 1899 मध्ये वारेपर्यंत तिथेच राहिले. गंमत नव्हे, कळीची गोष्ट अशी की मिलाद (पैगंबरांच्या जन्माचा सोहळा), उरूस यांसारख्या ज्या बाबींवर भांडण पेटलं, त्यांत पिराची भूमिका मवाळ होती. त्यांनी दोन्ही बाजूंना सांभाळून घेणारं लिहिलं. पण मुरीद आलिम होते, ग्रंथांवर पोसलेले. पीर म्हणून त्यांच्यापुढे मान झुकवली, आणि शास्त्राच्या बाबतीत मात्र आपल्या अभ्यासावर ठाम राहिले. माझ्या मते आधुनिक सूफी इतिहासातला हा सगळ्यात मोठा क्षण आहे. मुरीद पिरावर माया करतो, पण कायद्यासाठी पुस्तक उघडतो. आपल्या वारकरी घरात असं समजा की सद्गुरूंनी सांगितलं ‘असू दे’, आणि शिष्याने पाया पडून म्हटलं, ‘महाराज, पण पोथीत तसं नाही.’

बरेलीचे अहमद रजा खान (1856–1921) हेही नुसते दर्ग्याचे पुरस्कर्ते नव्हते. ते मारहराच्या कादिरी खानकाहचे मुरीद, आणि प्रचंड विद्वान मुफ्ती. उरूस, फातेहा, मिलाद यांचा बचाव त्यांनी भावनेने केला नाही; ग्रंथांचे आधार देऊन, फतव्यांवर फतवे लिहून केला. म्हणजे दर्ग्याच्या बाजूलाही आता कागदाने लढावं लागलं. दोन्ही बाजूंचे फतवे छापले गेले, टपालाने गावोगाव पोचले. जो मुजावर ‘आमच्याकडे असंच करतात’ एवढ्यावर शंभर वर्षं चालवत होता, त्याच्या अंगणात एक दिवस छापील पत्रक आलं आणि त्याला पहिल्यांदा कारण द्यावं लागलं. मुजावरांच्या हातून अधिकार निसटला तो या दिवशी. त्याच्यावर कुणी अन्याय केला असं नाही. त्याला जी भाषा येत नव्हती त्या भाषेत आता प्रश्न विचारला जात होता.

अश्रफ अली थानवी (1863–1943) तर पत्राने पीरपण चालवत. दूरदूरचे मुरीद मनातला राग, मत्सर, नमाजातलं चंचलपण लिहून पाठवायचे, ते उपाय लिहून परत धाडायचे, आणि ती पत्रं पुढे पुस्तकांतून छापली गेली. खानकाहत पिराच्या पायाशी वर्षं काढणाऱ्याला जे मिळायचं ते आता कारकुनी करणाऱ्या गृहस्थालाही टपालाने मिळू लागलं. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पुष्कळांना वाट मिळाली. आणि आपल्या बडोद्यात 1882 मध्ये जन्मलेले इनायत खान 1910 मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला गेले. त्यांनी तिथे मुरीद केले ते मुसलमान असण्याची अट न घालता. त्यांच्याकडे सिलसिल्याचा हात राहिला, पण भोवतालचं शरीयतीचं घर गळालं. तेही याच काळाचं अपत्य.

मग सरकारं आली. तुर्कस्तानने 1925 मध्ये कायदा करून दर्गे आणि सूफी मठ बंद केले, शेख, दरवेश या पदव्याच बेकायदा ठरवल्या. कोन्यातलं सूफी कवी रूमींचं स्थान दोन वर्षांत म्युझियम झालं. इजिप्तने दुसरा मार्ग धरला, 1903 पासून तरीकांना, म्हणजे सूफी पंथांना, नियमावलीत आणून सरकारमान्य परिषदेखाली बसवलं. पाकिस्तानात 1959 च्या वटहुकमाने मोठ्या दर्ग्यांचा कारभार औकाफ (धर्मादाय मालमत्ता) खात्याकडे गेला. आपल्याकडे अजमेरसाठी 1955 चा खास कायदा आहे. केंद्र सरकार समिती नेमतं, नाझिम (कारभारी) नेमतं, सज्जादानशीन कोण असा वाद उठला तर तो मिटवायची रीतही त्याच कायद्यात आहे. खादिम, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी, सुप्रीम कोर्टात गेले, 1961 मध्ये कोर्टाने कायदा कायम ठेवला. चिश्तींच्या सर्वांत मोठ्या गादीचा वारस ठरवणारं शेवटचं पान आज कायद्याच्या पुस्तकात आहे, हे डोळ्यांपुढे आणून बघा.

मराठी माणसाला आणखी जवळचा दाखला हवा असेल तर कल्याणजवळचा हाजी मलंग. तिथली वहिवाट केतकर या ब्राह्मण घराण्याकडे. 1968 मध्ये सुप्रीम कोर्टात प्रश्न आला होता एका जमिनीचा: ती दर्ग्याची की वहिवाटदाराची खासगी? निकाल दर्ग्याच्या बाजूने लागला, आणि त्यातलं एक कारण असं, की जमिनीचं उत्पन्न घेणाऱ्याने हिशेबाच्या वह्या कोर्टापुढे आणल्या नाहीत. वकील मंडळी पुराव्याच्या मुद्द्यासाठी हा निकाल आजही दाखवतात. मी तो वाचला तेव्हा मला ती बांबूची नळी आठवली. पिराच्या जमिनीचा निवाडा वहीने झाला.

आता गोव्याकडे येऊ. इथे हा फेरा उशिरा आणि वेगळ्या वाटेने आला. 1510 मध्ये अल्बुकर्कने गोवा शहर घेतलं तेव्हा तिथल्या मुसलमानांची कत्तल झाली. जुन्या काबिजादीत (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात) मग खानकाह उरायला जागाच नव्हती. फोंडे 1763 मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं, पुढच्या पंचवीसेक वर्षांत डिचोली, सत्तरी, पेडणे. या नव्या काबिजादीत देवळं टिकली तसे पीरही टिकले. पण इंग्रज राज्यातले वक्फचे कायदे, 1937 चा शरीयत कायदा, हे इथे लागू नव्हते. पोर्तुगीज नागरी कायदाच सर्वांना, आणि कौटुंबिक बाबतीत तो आजही सर्वांना आहे. देवळांसाठी मात्र सरकारने 1886 मध्ये आणि मग 1933 मध्ये महाजनीचं रेगुलामेंत, म्हणजे नियमावली, केलं. महाजन कोण, त्याची नोंद कुठे, मामलेदाराचा अधिकार किती, हे सगळं त्यात लिहिलं. आपल्या देवळांत ‘महाजनांच्या वहीत नाव आहे का?’ हा प्रश्न किती घरं फोडून गेलाय ते तुम्हाला सांगायला नको. सूफींच्या बाबतीत बाहेर जे घडलं ते समजून घ्यायला गोव्यातल्या माणसाला हाच आरसा पुरेसा आहे. देव तोच, पुजारी तोच, पण मान कोणाचा हे वही सांगते.

1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर दुसरी गोष्ट घडली. विजापूर, बेळगाव, हुबळी-धारवाडकडून कामाला माणसं आली आणि आपले पीर बरोबर घेऊन आली. मी वास्कोत अशी कुटुंबं बघितलीत जी वर्षातून एकदा नवलगुंदजवळ यमनूरला जातात, राजा बागसवाराच्या उरुसाला. बागसवार, म्हणजे वाघावर स्वार. तिथे हिंदू भाविक त्यालाच चांगदेव म्हणतात, तेच, वाघावर बसून ज्ञानदेवांच्या भेटीला गेलेले. एकाच गाडीतून दोन्ही नावांचे लोक जातात. या मंडळींची निष्ठा गावच्या, म्हणजे मागे सोडलेल्या गावच्या पिराशी. इथल्या जुन्या घराण्यांचा मुजावर त्यांच्या लेखी कुणीच नव्हता. त्यांना मशीद हवी होती, मुलांना कुराण शिकवणारा हवा होता. मशीद आली की कमिटी आली, कमिटीने पगारी मौलाना आणला, तो बहुतेक उत्तरेकडच्या मदरशातून शिकून आलेला. दर्ग्याची समिती त्याच माणसांची. अशा रीतीने तुमच्या आजीचा मुजावर बाजूला सरकला. त्याच्याशी कोणाचं भांडण झालंच असं नाही.

आजीचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून एक सांगतो. पिराकडे सगळ्यात जास्त जायच्या त्या बायका. मूल रडतं, दूध आटलं, नवरा दारू पितो. नारळ, अगरबत्ती, अंगाऱ्याची पुडी. त्यांना अधिकार या शब्दाशी देणंघेणं नव्हतं, पण दर्गा जिवंत ठेवला तो त्यांनी. मुंबईच्या हाजी अलीत 2012 च्या सुमारास बायकांना मजारीजवळ, म्हणजे कबरीजवळ, जायला बंदी झाली. ट्रस्टने धर्मशास्त्राचा हवाला दिला. दोन मुसलमान बायका कोर्टात गेल्या आणि ऑगस्ट 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बायका पुन्हा आत गेल्या. या सगळ्या प्रकरणात ट्रस्टी बोलले, वकील बोलले, न्यायमूर्ती बोलले, संविधानातली कलमं आली, हदीस (पैगंबरांची वचनं) आले. कुठल्या हयात पिराला कुणी विचारलं नाही. मला तो निकाल योग्य वाटतो, मनापासून योग्य वाटतो. आणि तरीही अधिकार कुठून कुठे गेला हे दाखवायला याहून लख्ख उदाहरण मिळणार नाही.

मोबाइलबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्ही रोज पाहता. एवढंच, की फोनवरून बैअत घेणारे पीर आहेत, आणि फोनवरूनच त्याला चुकीचं ठरवणारे आलिमही. थानवींनी टपालाने जे केलं त्याच वाटेचं ते पुढचं पाऊल आहे.

संपली का परंपरा? माझं उत्तर नाही असं आहे. मला पिंपात पाणी भरून ठेवणाऱ्या, न बोलता पहाटे जिक्र करणाऱ्या माणसांच्या घरी जायला मिळालंय. त्यांच्या अंगणात कमिटी नाही, पाटी नाही. तीन-चार मुरीद असतात, एखादा रिक्षा चालवतो, एखादा मासळी विकतो. त्यांच्यात अजून हात हातात दिला जातो. पण हे पीर आता गावाचा निवाडा करत नाहीत, जमीन राखत नाहीत, काय चालतं आणि काय नाही हेही सांगत नाहीत. ते मौलानाकडे पाठवतात. त्यांच्याकडे उरलंय ते फक्त मनाचं काम. सूफी मुळात त्यासाठीच निघाले होते, असं त्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने मला सांगितलं, आणि मला ते पटलं.

तुमच्या निबंधासाठी कामाचं सांगतो. उरुसाच्या आदल्या रात्री, संदलाच्या (कबरीला चंदन लावायच्या) वेळी, जा आणि नुसतं बघा. संदलाची वाटी पहिल्यांदा कोणाच्या हातात दिली जाते. फातेहा कोण म्हणतो. दानपेटीची किल्ली कोणाच्या खिशातून निघते. पावतीपुस्तकावर सही कोणाची. आणि काही वाद झाला तर लोक कोणाच्या तोंडाकडे बघतात. पूर्वी या सगळ्याला एकच नाव आलं असतं. तुमच्या वहीत बहुधा चार येतील. त्या चौघांना वेगवेगळं भेटा. मुजावराला आधी, कारण त्याला सध्या कोणी विचारत नाही आणि तोच सर्वांत जास्त सांगेल. त्याच्याकडे जुनी नळी किंवा पेटी असेल तर कागद उन्हात पसरू नका, घडीवर दाब देऊ नका, आणि फोटो काढायच्या आधी त्याला विचारा. वाचता आले नाहीत तर घेऊन या. शुक्रवार दुपार सोडून मी घरीच असतो.